लाहीची वाकडी मान

2023 ची भाऊबीज. पाहुणे गेले, घर आवरून झोपायला बारा वाजले. दुसऱ्या दिवशी उजाडताना लेकीच्या हाकेने जाग आली. "आई, लाही पडलीय. उठत नाहीये."

लाही म्हणजे आमचा ससा. मादी आहे, तेव्हा तीन वर्षांची होती. पिल्लू असताना कढईतल्या लाहीसारखी टणाटण उडायची, म्हणून लेकीने हे नाव ठेवलं. मी मागच्या पडवीत गेले तेव्हा ती एका कुशीवर पडली होती आणि पाय झाडत होती. उचलून सरळ बसवलं तर मान उजवीकडे वळली. नुसती वळली नाही, पार पिळली. उजवा डोळा फरशीकडे, डावा वर छताकडे. आणि दोन्ही डोळे हलत होते. डावीकडून उजवीकडे, झटक्याझटक्याने, थांबतच नव्हते. हातातून सोडली तशी ती उजव्या बाजूवर कोलमडली आणि एकदा, दोनदा, तीनदा अशी लोळत भिंतीपर्यंत गेली. लेक रडायला लागली. माझ्याही पोटात गोळा आला.

सासूबाई बाहेर आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वारं गेलं गं हिच्यावरून." आमच्याकडे लकव्याला असंच म्हणतात. मलाही तेच वाटलं. दिवाळीभर शेजारच्या गल्लीत फटाके वाजत होते, त्याने घाबरली असेल, दचकून उडी मारताना मानेला हिसका बसला असेल, असं काय काय मनात येत होतं. पडवीत कुठे पडल्याची खूण नव्हती, रक्त नव्हतं. आदल्या रात्री तिने मेथीची जुडी खाल्ली होती.

आम्ही वाईला राहतो. इथे कुत्र्यामांजरांना दाखवायला जागा आहेत, गाईम्हशींना तर आहेतच. ससा घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न तीन वर्षांत आम्हाला पडलाच नव्हता. लस नाही, काही नाही. गवत घालायचं, पाणी ठेवायचं, एवढंच. आता मागे वळून बघताना सगळ्यात जास्त खंत याची वाटते. ती धडधाकट असताना आम्ही डॉक्टर शोधून ठेवायला हवा होता.

त्या संध्याकाळी एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं. कानात बघितलं नाही, वजन केलं नाही. "मेंदूचं आहे, यातून उठणार नाही. तुम्ही म्हणाल तर इंजेक्शन देऊन शांत झोपवू." लेक बाजूलाच उभी होती. मी नको म्हटल्यावर त्यांनी एक सुई टोचली आणि एक गुलाबी सिरप लिहून दिलं, दिवसातून दोनदा, एक-एक मिलि. दुकानातून ते घेतलं. लहान मुलांना घसा दुखला की देतात तेच, अमॉक्सिसिलिन. त्या रात्री एक डोस दिला आणि सकाळी दुसरा.

सकाळी पडवीत एकही लेंडी नव्हती. ज्यांच्याकडे ससा आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. सशाचं पोट दिवसरात्र चालू असतं. चालू आहे तोवर ससा आहे. लाहीच्या लेंड्या रोज सुपलीभर निघायच्या, वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या. त्या दिवशी दुपारी शेपटीखाली थोडं चिकट, काळं, घाण वासाचं काहीतरी दिसलं. अन्नाला तोंड लावत नव्हती. लावणार तरी कसं? मान पिळलेली, जग गरागरा फिरत असलेलं. पानाकडे तोंड नेलं की तोल जायचा.

शुक्रवारी दुपारी मी बँकेतून लवकर निघाले आणि तिला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. बाहेर एक म्हैस बांधली होती, तिच्या खुरात काहीतरी झालं होतं. डॉक्टर तिच्याशी झटत होते. हात धुऊन आले, टोपलीत बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "वहिनी, खरं सांगतो, सशाचं मला काही कळत नाही."

हे वाक्य मी विसरणार नाही. आदल्या दिवशी ज्यांना कळत होतं असं वाटलं त्यांनी तिला मरणाच्या दारात सोडलं होतं. ज्यांनी कळत नाही म्हणून सांगितलं, त्यांनी तिला वाचवलं. पुढचं त्यांचं वाक्य होतं, "आतापर्यंत काय काय दिलंय?" मी पिशवीतून सिरपची बाटली काढली. त्यांनी नाव वाचलं आणि झाकण न उघडताच बाटली बाजूला ठेवली. "हे बंद. आत्ताच्या आत्ता बंद. कॉलेजात सशाबद्दल जे शिकलो त्यातलं एवढं एकच डोक्यात पक्कं बसलंय, पेनिसिलिनच्या गटातलं औषध सशाला तोंडावाटे द्यायचं नाही."

का ते त्यांनी थोडक्यात सांगितलं, पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. सशाच्या आतड्यात गवत पचवणारे चांगले जंतू असतात, ते पोटातल्या एका मोठ्या पिशवीसारख्या भागात राहतात. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं पोटात गेली की ते जंतू मरतात आणि त्यांच्या जागी विष सोडणारे दुसरे जंतू माजतात. मूळ दुखणं बरं व्हायच्या आधीच ससा जुलाबाने जाऊ शकतो. पेनिसिलिन सशाला देतात, पण सुईने, आणि तेही जाणकार डॉक्टरच. माणसाच्या बाळाला चालतं ते सशाला चालेल असं मी धरून चालले होते. कुत्र्याला चालतं ते चालेल असं लिहून देणाऱ्यांनी धरलं असावं. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवर लावतात त्यातलं फिप्रोनिल नावाचं औषधसुद्धा सशाला घातक आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मग त्या डॉक्टरांनी फोन काढला आणि आमच्यासमोरच पुण्यातल्या एका मैत्रिणीला लावला. दोघे एका वर्गातले. ती पक्षी, ससे, गिनीपिग, कासवं यांच्यावरच उपचार करते. पाच मिनिटं दोघे बोलले. फोन ठेवून म्हणाले, "उद्या सकाळी साडेदहाला बोलावलंय. पण आज रात्रभर हिच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. बारा तास उपाशी राहिला ससा तर पोट बंद पडू शकतं. मान नंतर बघू, आधी पोट." पैसे विचारले तर हात हलवून परत म्हशीकडे गेले.

ती रात्र आम्ही तिघींनी जागून काढली. लाहीच्या रोजच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवल्या, मिक्सरमधून काढल्या, चहाच्या गाळणीतून गाळल्या. औषधाच्या दुकानातून आणलेल्या पाच मिलिच्या सिरिंजची सुई काढून टाकली. समोरच्या दातांच्या मागे सशाला मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज आत सारायची. एका वेळी अर्धा-एक मिलि, आणि थांबायचं. ती चावते का, गिळते का बघायचं. मगच पुढचं. एकदम ढकललं तर फुप्फुसात जातं. उताणं तर कधीच धरायचं नाही. पहिल्या घासाला तिने तोंड मिटून घेतलं, सगळं हनुवटीवर सांडलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला तिचा खालचा जबडा हलला. एवढासा जबडा, बाजूबाजूला, भराभर. लेक कुजबुजली, "आई, चावतेय."

पण तिला धरून बसवायचं कसं हा मोठा प्रश्न होता. टॉवेल गुंडाळून बाजूला लावले तरी ती त्यावरून लोळायची. लोळायला लागली की घाबरायची, घाबरली की आणखी लोळायची. रात्री अकराच्या सुमाराला सासूबाई उठल्या. त्यांच्या ट्रंकेत जुनी लुगडी आहेत. त्यातल्या एकाचा पट्टा फाडला, पिळला, गोल वळला आणि चुंबळ केली. डोक्यावर हंडा घेताना खाली घेतात ती चुंबळ. लहानपणी कृष्णेवरून पाणी आणताना त्यांनी अशा कितीतरी वळल्या असतील. पण ही मोठी होती, टोपलीच्या आतल्या घेराएवढी. मधे पोकळी. त्या पोकळीत लाहीला बसवलं. चारी बाजूंनी कापडाचा मऊ, घट्ट कठडा. उजवीकडे झुकली तरी तिथे आधार होता. दोन दिवसांत पहिल्यांदा ती न लोळता बसली.

सासूबाई काल म्हणत होत्या की मुक्या जिवाचे हाल करू नका, जाऊ द्या तिला. चुंबळीत बसलेल्या लाहीकडे बघून म्हणाल्या, "मान वाकडी झालीय. भूक कुठे मेलीय?"

शनिवारी सकाळी पुण्याला निघालो. मिस्टर गाडी चालवत होते, मागे लेक आणि मी, मधे टोपली. सुरूर फाट्यावरून हायवेला लागलो. खंबाटकीचा बोगदा लागेपर्यंत सगळं ठीक होतं. बोगदा संपल्यावर उतारावर ते एसच्या आकाराचं वळण होतं. रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना ते माहीत आहे, तिथे अपघात फार झाले. त्या वळणाला लाहीने टोपलीत अशी धडपड केली की चुंबळीतून बाहेर आली. लेकीने दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं, छातीशी नाही, खालीच, टोपलीत. तोल गेलेल्या सशाला उचलून घेतलं की त्याला पायाखाली काहीच लागत नाही, तो जास्त घाबरतो. पाय जमिनीला आणि अंग कशाला तरी टेकलेलं हवं. मिस्टरांनी पुढे तीसच्या वेगानेच गाडी काढली, मागचे हॉर्न वाजवत राहिले.

पुण्याच्या दवाखान्यात आम्हाला कुत्र्यांच्या बाकड्यांजवळ बसू दिलं नाही, आतल्या एका छोट्या खोलीत दिवा मंद करून बसवलं. डॉक्टरमॅडमनी आधी वजन केलं. 1 किलो 620 ग्रॅम. मग थर्मामीटर. 38.1 अंश सेल्सिअस. सशाचं साधारण साडेअडतीस ते चाळीसपर्यंत असतं, म्हणजे तिचं अंग थोडं गार पडलं होतं. पोटाला स्टेथोस्कोप लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग कानात उजेड टाकून बघितलं, दोन्ही. दाढा बघितल्या. उजव्या डोळ्यात, म्हणजे फरशीकडे असायचा त्यात, एक रंगीत पट्टी टेकवली आणि निळा दिवा धरला. बुबुळावर एक बारीक रेघ हिरवी चमकली. "हा डोळा सारखा खाली घासतोय. ओरखडा आहे. हा सांभाळला नाही तर डोळा जाईल, आणि मानेच्या गडबडीत लोकांचं याकडे लक्षच जात नाही." आमचंही गेलं नव्हतं.

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आम्हाला समजावलं. लेकीलाही. ते मी जसं कळलं तसं लिहिते.

सशाची मान अशी अचानक वाकडी होते तेव्हा बहुतेक वेळा मानेला काहीच झालेलं नसतं. तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडलेली असते. ती कानाच्या आत खोल असते आणि तिथून मेंदूकडे जाते. बिघाडाची मुख्य कारणं दोन. एक, कानाच्या आतल्या भागात जंतूंमुळे पू होणं. दुसरं, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा अतिसूक्ष्म परजीवी. हा सशाच्या मूत्रपिंडात आणि मेंदूत राहतो, लघवीतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या सशाच्या तोंडावाटे पोटात जातो. आईकडून पिल्लालाही येतो. पुष्कळ सशांच्या अंगात तो गुपचूप असतो, आयुष्यभर काही त्रास देत नाही. अंगातली ताकद कमी झाली, मोठा ताण आला, की एखाद्यात डोकं वर काढतो. फटाक्यांमुळे झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ताण हे एक कारण असू शकतं, पण ते मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्ही स्वतःला दोष देत बसू नका, त्याने हिचं काही भलं होणार नाही."

कवटीचा एक्स-रे काढला. कानामागे हाडाची जी पोकळी असते ती दोन्ही बाजूंना स्वच्छ दिसत होती. पण त्यांनी लगेच सांगितलं की एक्स-रेमधे सुरुवातीचा पू दिसतोच असं नाही, सीटी स्कॅन जास्त बरोबर सांगतो, पण त्याला भूल द्यावी लागेल आणि आजच्या अवस्थेत ती देणार नाही. रक्त घेतलं. पेशी मोजायला आणि मूत्रपिंड बघायला. त्या परजीवीची रक्ततपासणीही असते, पण ती होकारार्थी आली तरी एवढंच कळतं की ससा कधीतरी त्याच्या संपर्कात आला होता. आत्ताचा आजार त्याचाच का, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून दोन्ही कारणं धरून उपचार सुरू करायचे. वाट बघण्यात दिवस घालवायचे नाहीत.

मला हे पटलं. खात्रीचं निदान नाही म्हणून हात वर करणं आणि खात्रीचं निदान नाही म्हणून दोन्ही वाटा बंद करत जाणं, यात एका जिवाचा फरक आहे.

औषधं पाच. परजीवीवर फेनबेंडाझोल. गाईगुरांना, शेळ्यामेंढ्यांना जंतासाठी देतात तेच, पण इथे किलोमागे 20 मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग 28 दिवस. एकही दिवस न चुकता. कानातल्या जंतूंसाठी सशाला चालणारं अँटिबायोटिक. सूज आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. गरगरणं कमी व्हायला माणसांना गाडी लागते तेव्हा देतात त्या गटातली गोळी, अगदी तुकडा. आणि डोळ्यात मलम, दिवसातून चारदा. शिवाय कातडीखाली सलाईन तिथेच दिलं. पाठीवर उंटाच्या मदारीसारखा फुगा आला, तो संध्याकाळपर्यंत जिरला. आदल्या दवाखान्यात दिलेली सुई कसली होती ते चिठ्ठीवरून त्यांनी ओळखलं. स्टेरॉइड. त्यावर त्या जास्त बोलल्या नाहीत. सशाची प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने चटकन खाली येते, परजीवी आणि जंतू दोन्हींशी लढायचं असताना ते परवडत नाही, एवढंच म्हणाल्या.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी खाण्यावर घेतला. किलोला दिवसाला 50 मिलि, म्हणजे लाहीला साधारण 80, चार वेळा विभागून. आमची रात्रीची पद्धत दाखवली तर मान डोलावली, फक्त गाळणीतून गाळू नका म्हणाल्या. तंतू पोटात गेलेच पाहिजेत, सिरिंजचं टोक थोडं कापून भोक मोठं करा. चुंबळ बघितली, उचलून उलटीपालटी केली, विचारलं, "ही कुणी केली?" सासूने म्हटल्यावर म्हणाल्या, "यापेक्षा चांगलं माझ्याकडे काही नाही."

मी सासूबाईंचं विचारलं. त्यांना मधुमेह आहे, वय पंचाहत्तर. हा परजीवी माणसांना होतो का? मॅडम म्हणाल्या, ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली आहे, म्हणजे कर्करोगाची औषधं चालू आहेत, अवयव बदललाय, एचआयव्ही आहे, त्यांनी जपायचं. बाकीच्यांनी हात साबणाने धुवायचे, लघवी लगेच पुसायची, भांडी आणि कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे. टोपली साफ करायचं काम आजीला देऊ नका. एवढं पुरे.

पहिल्या फेरीचे 4,100 रुपये झाले, एक्स-रे आणि रक्त धरून. परतताना बोगदा नव्हता, पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढून यावं लागलं. लाही अख्खा घाट झोपली होती.

पुढचे दिवस एकसारखे गेले. पहाटे पाचला पहिलं खाणं, मग औषधं, मी बँकेत, लेक शाळेत, दुपारचं खाणं सासूबाई, संध्याकाळी लेक, रात्री मी. शेपटीखालचा भाग रोज ओल्या कापडाने पुसायचा. ससा मऊ, चकाकत्या लेंड्यांचेही घोस टाकतो आणि ते तोंड लावून परत खातो. त्यात त्याचं पोषण असतं. मान वळलेल्या सशाला तिथपर्यंत तोंड नेता येत नाही. ते तसंच राहिलं तर माश्या बसतात. आम्ही ते घोस उचलून तिच्या तोंडाजवळ धरायचो, कधी खायची, कधी नाही. उजवा कानही तिला खाजवता येत नव्हता. लेक खाजवून द्यायची, तेव्हा लाहीचा मागचा पाय हवेत आपोआप हलायचा.

चौथ्या दिवशी लेंड्या आल्या. बारीक, वेड्यावाकड्या, पण कोरड्या. मी त्या मोजल्या. अकरा. पाचव्या दिवशी लोळणं थांबलं. डोळ्यांचं हलणं आठव्या दिवशी. स्वतःहून खाणं मात्र सहाव्या दिवशी सुरू झालं, आणि ते दूर्वांनी. सासूबाई रोज ढोल्या गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी नेतात. त्या सकाळी जुडी बांधता बांधता एक दूर्वा त्यांनी सहज लाहीच्या नाकापाशी धरली. हराळीच ती, सशाला त्याहून चांगलं काय असणार. लाहीने टोक पकडलं. मान तशीच आडवी, आणि ती दूर्वा हळूहळू आत जाताना दिसत होती, यंत्रातून सूत ओढावं तशी. मग दुसरी. मग तिसरी. त्या दिवशी गणपतीला जुडी उशिरा गेली.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आमच्या हातून होता होता राहिली. फेनबेंडाझोलची बाटली मॅडमनी दिली होती, तिच्यात एका मिलिमधे 25 मिलिग्रॅम औषध होतं. म्हणून रोजचा डोस 1.3 मिलि, त्यांनी सिरिंजवर मार्करने रेघ मारून दिली होती. तीन आठवड्यांनी बाटली संपली. मी गावातल्या पशुऔषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "गाय का म्हैस?" ससा म्हटल्यावर त्यांनी त्याच नावाची दुसरी बाटली दिली. घरी येऊन मी सवयीने रेघेपर्यंत औषध भरलं. लेकीने बाटली हातात घेतली होती. ती म्हणाली, "आई, हिच्यावर दहा टक्के लिहिलंय, आधीच्या बाटलीवर अडीच होतं." म्हणजे एका मिलिमधे शंभर. मी चौपट डोस देणार होते. हे औषध जास्त गेलं तर हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजावर परिणाम होतो, पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून तर मॅडमनी मधे एकदा रक्त तपासायला लावलं होतं. लगेच फोन केला. त्यांनी नवा हिशोब सांगितला, 0.32 मिलि, आणि एक मिलिच्या बारीक सिरिंजने द्यायला सांगितलं. तेव्हापासून औषध कुठलंही असो, आम्ही डोस मिलिमधे नाही, मिलिग्रॅममधे लिहून ठेवतो.

दुसऱ्या आठवड्यातल्या त्या तपासणीत रक्त ठीक होतं, मूत्रपिंडही. वजन मात्र 1 किलो 490 वर आलं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा 1,580. डोळ्यावरचा ओरखडा भरला होता. मान अर्धी सरळ झाली होती. लेकीने विचारलं, उरलेली कधी होईल? मॅडम तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. औषधाने आजार थांबला, पण त्याने जे नुकसान केलंय ते औषध भरून काढत नाही. हळूहळू आणखी थोडी सरळ होईल. पूर्ण होणार नाही बहुतेक. "पण तिला त्याचं दुखत नाही. तिचं जग आता थोडं तिरकं आहे, आणि तिने ते मान्य केलंय. तुम्ही पण करा."

या काळात लोक खूप काही बोलले. एकाने सांगितलं, डोंगरात नेऊन सोडा, निसर्ग बघून घेईल. हे ऐकून मला खरंच राग आला. रानातला ससा वेगळा, करड्या मातीच्या रंगाचा, झुडपाच्या बुडाशी दबा धरून राहणारा. लाहीसारखे पांढरे ससे मूळचे युरोपातले, माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात वाढवलेले. लाही धडधाकट असती तरी तिने रात्र काढली नसती. पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हाही आहे. पण कायद्याची गरज का पडावी.

फेब्रुवारीत भुईंजहून एका बाईंचा फोन आला. त्या सरकारी डॉक्टरांनीच माझा नंबर दिला होता. त्यांच्या मुलाचा ससा, मान डावीकडे, काल रात्रीपासून. बाई रडवेल्या झाल्या होत्या, जगेल का, जगेल का, एवढंच विचारत होत्या. मी विचारलं, काल रात्रीपासून पोटात काय गेलंय? लेंड्या आहेत का? औषध कुठलं दिलंय, बाटलीवरचं नाव वाचून दाखवा. अजून काही दिलं नव्हतं. मी त्यांना पुण्याचा पत्ता दिला, गोळ्या भिजवायची पद्धत सांगितली. आणि बोगद्यानंतरच्या वळणाला गाडी हळू घ्या म्हणून सांगितलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, त्यांना विचार, चुंबळ वळता येते का.

लाही आता दोन किलोला थोडी कमी आहे. मान उजवीकडे कललेली, कुणी लक्ष देऊन ऐकत असल्यासारखी. पळताना तिची वाट थोडी उजवीकडे वळते, म्हणून पडवीत उजव्या भिंतीला आम्ही गोधडीचा तुकडा ठोकलाय. पाण्याची बाटली काढून तिथे उथळ मातीचं भांडं ठेवलंय. चुंबळ अजून आहे. तिची गरज संपून वर्ष झालं, पण दुपारी ती तिच्यात जाऊन बसते, हनुवटी काठावर टेकवून, आणि सासूबाईंच्या हातातल्या दूर्वांकडे बघत राहते.